भाजल्यानंतर सांधे आखडू नयेत म्हणून: स्प्लिंट घरी कसे वापरावे

भाजलेल्या माणसाजवळ बसलेले घरचे लोक मायेपोटी पहिली गोष्ट करतात ती म्हणजे उशी देणे. मान भाजली असेल तर डोक्याखाली उशी, मांडी किंवा गुडघ्याची मागची बाजू भाजली असेल तर गुडघ्याखाली उशी, आणि हात भाजला असेल तर तो कोपरात दुमडून पोटावर ठेवलेला. रुग्णाला त्याने खरोखरच बरे वाटते, कारण सांधा वाकला की जखमेवरचा ताण कमी होतो आणि ठणका थोडा ओसरतो. मात्र कातडीही त्याच वाकलेल्या स्थितीत भरून येते, आणि दोन-तीन महिन्यांनी ड्रेसिंगे संपली, जखम बंद झाली, आता सुटलो असे वाटत असतानाच हनुवटी छातीकडे ओढलेली, काख चिकटलेली किंवा बोटे वाकडी झालेली दिसतात. ज्या स्थितीत आराम वाटतो त्याच स्थितीत सांधा आखडतो, ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून मनात ठेवली, तर पुढे सांगितलेले स्प्लिंटचे सगळे नियम आपोआप समजतात.

हे का होते ते आधी पाहू. खोल भाजलेली जखम भरून येताना शरीर तिच्या कडा एकमेकींकडे ओढून घेते. हे काम करणाऱ्या पेशींमध्ये स्नायूंप्रमाणे आकसण्याची ताकद असते, आणि जखम वरून बंद झाली तरी त्या थांबत नाहीत. वण लाल, जाड आणि ताठ असेपर्यंत ओढ चालूच राहते. वण पूर्णपणे पिकायला, म्हणजे फिका, मऊ आणि सपाट व्हायला, साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ लागतो, आणि त्यातले पहिले काही महिने ओढ सर्वांत जोरकस असते. दोन आठवड्यांच्या आत भरून येणाऱ्या वरवरच्या जखमेला सहसा स्प्लिंटची गरज पडत नाही. ज्या जखमेला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला किंवा जिच्यावर ग्राफ्ट, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागावरून घेतलेली कातडी, लावावा लागला, आणि जी सांध्यावर किंवा सांध्याला लागून आहे, तिच्या बाबतीत मात्र स्प्लिंटचा विचार झालाच पाहिजे.

स्प्लिंट म्हणजे सांध्याला ठरवलेल्या स्थितीत धरून ठेवणारा, शरीराच्या आकाराप्रमाणे घडवलेला ताठ आधार. तो बहुधा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणारे) किंवा कृत्रिम अवयव व आधार-साधने बनवणारे तंत्रज्ञ बनवतात. तो वणाला बरे करत नाही आणि व्यायामाची जागाही घेत नाही. दिवसभर हालचाल करून, हळूहळू ताणून जेवढी लांबी कातडीने कमावली, तेवढी झोपेत हातची जाऊ नये म्हणून तो असतो. त्यामुळे नुसता स्प्लिंट लावून दिवसभर हात स्थिर ठेवणारा रुग्ण आणि दिवसभर व्यायाम करून रात्री गुडघे पोटाशी घेऊन झोपणारा रुग्ण, दोघेही शेवटी आखडतात. पहिल्याचा सांधा आणि दुसऱ्याची कातडी.

कोणत्या टप्प्यावर किती वेळ

पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वेगाने वाढते. या काळात स्प्लिंट पट्ट्यांनी आवळण्याऐवजी क्रेप बँडेजने सैलसर गुंडाळून बसवतात, आणि प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी तो परत बसवून पाहतात, कारण सकाळी नीट बसलेला स्प्लिंट संध्याकाळी सुजेमुळे घट्ट झालेला असू शकतो. ग्राफ्ट लावल्यानंतर साधारण तीन ते पाच दिवस, काही ठिकाणी आठवडाभरही, तो भाग अजिबात हलू द्यायचा नसतो. त्या वेळी स्प्लिंट चोवीस तास असतो आणि तो कधी काढायचा हे फक्त शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवतात. घरच्यांनी या दिवसांत ‘जरा मोकळे वाटू दे’ म्हणून तो काढू नये, कारण नव्या कातडीखाली रक्तवाहिन्या रुजत असतात आणि थोडीशी सरक झाली तरी ग्राफ्ट धरत नाही.

जखम बंद झाल्यावर खरा लांबचा पल्ला सुरू होतो, आणि याच टप्प्यावर बहुतेक घरांत हलगर्जी होते, हे मला पोटतिडकीने सांगावेसे वाटते. रुग्णालयातून सुटी मिळणे म्हणजे बरे होणे असे आपण धरून चालतो. भाजण्याच्या बाबतीत सुटी मिळते तेव्हा वणाची ओढ ऐन भरात येत असते. या टप्प्यावर साधारणपणे रात्रभर आणि दिवसा विश्रांतीच्या वेळी स्प्लिंट, आणि बाकी वेळ हालचाल व घरची कामे, असा क्रम असतो. ओढ फार असेल तर दिवसाही काही तास वाढवावे लागतात. नेमके तास प्रत्येक रुग्णाला वेगळे असतात, म्हणून ते थेरपिस्टकडून कागदावर लिहून घ्यावेत.

हात

हाताबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण भाजताना माणूस चेहरा वाचवायला किंवा आग विझवायला हात पुढे करतो आणि हात बहुतेक वेळा सापडतोच. शिवाय घास घेण्यापासून सही करण्यापर्यंत सगळे त्याच्यावर अवलंबून आहे.

हाताची मागची बाजू भाजली असेल तर सुजेमुळे पंजा एका ठरावीक पद्धतीने बिघडतो. मनगट खाली पडते, बोटांच्या मुळाचे सांधे सरळ होऊन मागे कलतात, मधले सांधे वाकतात आणि अंगठा तळहाताच्या बाजूला चिकटतो. हातपंज्याची ही नखीसारखी अवस्था एकदा पक्की झाली की मूठही मिटत नाही आणि पंजाही उघडत नाही. स्प्लिंट नेमका याच्या उलट स्थितीत हात धरतो. मनगट पंधरा ते तीस अंश वर उचललेले, बोटांच्या मुळाचे सांधे साधारण सत्तर ते नव्वद अंशांत वाकलेले, त्यापुढची बोटे मात्र पूर्ण सरळ, आणि अंगठा तळहातापासून दूर, जणू समोर धरलेला पेला पकडायला निघाला आहे. कौलारू घराच्या छपराचा उतार जसा आढ्यापासून सरळ खाली येतो, तशी बोटे मुळापासून सरळ उतरलेली दिसली पाहिजेत. बोटांच्या मुळाच्या सांध्यांचे दोन्ही बाजूंचे अस्थिबंध, म्हणजे हाडे एकमेकांना बांधणारे पट्टे, सांधा सरळ असताना सैल आणि वाकलेला असताना ताणलेले असतात. सैल स्थितीत ते आखूड झाले तर पुढे मूठ वळत नाही, म्हणून हे वाकवणे अत्यावश्यक आहे.

तळहात भाजला असेल तर सगळेच उलटते. आता कातडी तळव्याकडे ओढणार असते, म्हणून आशीर्वाद देताना जसा पंजा उघडतो तसा तो पूर्ण उघडा, बोटे सरळ आणि एकमेकांपासून फाकलेली, अंगठा बाजूला ताणलेला, अशा सपाट पाटीसारख्या स्प्लिंटवर ठेवतात. लहान मुलांचे तळहात तापलेल्या तव्याला, इस्त्रीला किंवा दुचाकीच्या सायलेन्सरला टेकून भाजतात, आणि ती कातडी आकसली तर बोटे तळव्याला चिकटू लागतात. या दोन प्रकारांचे स्प्लिंट एकमेकांच्या जागी कधीही वापरू नयेत. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा जुना स्प्लिंट ‘तसाच दिसतो’ म्हणून मागून आणणे फार घातक ठरते.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. बोटांच्या मधल्या सांध्यावर मागच्या बाजूने खोल भाजले असेल, विशेषतः तिथला स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) उघडा पडला असेल किंवा तशी शंका असेल, तर त्या बोटांची मूठ वळवू नये आणि दुसऱ्यालाही वळवू देऊ नये. तो नाजूक स्नायुबंध तुटला की मधला सांधा कायमचा वाकलेला आणि टोकाचा सांधा वर उचललेला राहतो. अशी बोटे स्प्लिंटमध्ये सरळच ठेवायची असतात आणि व्यायाम कधी सुरू करायचा हे डॉक्टरांनीच सांगायचे असते.

आता लावण्याची रीत. आधी हात कोमट पाण्याने धुऊन हलकेच टिपून घ्यावा. जखमा पूर्ण बंद असतील तर वणाला खोबरेल तेल किंवा वास नसलेले मलम लावून ते मुरू द्यावे. पंधरा-वीस मिनिटे थांबून उरलेले तेल टिपून घेतल्याशिवाय स्प्लिंट चढवू नये, कारण तेलकट हात स्प्लिंटमध्ये पुढे घसरतो, आणि मग बोटांची वाकण्याची जागा सांध्याखाली न राहता भलत्याच ठिकाणी येते. आतून सुती मोजा किंवा थेरपिस्टने दिलेली नळीसारखी विणलेली सुती पट्टी घालावी. ती चुरगळता कामा नये, कारण चुण्यांचे वळ नाजूक कातडीवर उमटतात आणि तिथेच फोड येतात.

सर्वप्रथम मनगट स्प्लिंटमध्ये पूर्ण टेकवावे आणि मनगटाची पट्टी लावावी. मनगट नीट टेकले नसेल तर पुढचे काहीच बरोबर बसत नाही. त्यानंतर कोपराकडची पट्टी, आणि शेवटी बोटांवरची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी पूर्ण उघडलेली आहे ना हे पाहावे, कारण ही बेचकी आवळली गेली तर पेला, दरवाज्याची कडी आणि घास, सगळेच हातातून सुटते. क्रेप बँडेज वापरायचे असेल तर ते बोटांच्या बाजूने सुरू करून कोपराकडे, आठाच्या आकड्याप्रमाणे, सारख्या ताणाने गुंडाळावे आणि बोटांची टोके उघडी ठेवावीत. सर्वांत शेवटी नख दाबून सोडावे. पांढरे झालेले नख दोन सेकंदांत परत गुलाबी झाले नाही, तर बँडेज घट्ट झाले आहे असे समजून सोडून पुन्हा बांधावे.

पट्ट्यांवर मार्करने एक, दोन, तीन असे आकडे घालून घ्यावेत आणि थेरपिस्टने स्प्लिंट नीट बसवल्यावर तिथेच दोन्ही बाजूंनी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. घरी रात्री लावणारी व्यक्ती बहुतेक वेळा रुग्णालयात आलेली व्यक्ती नसते, आणि उलटा लावलेला स्प्लिंट न लावलेल्या स्प्लिंटपेक्षा वाईट असतो.

कातडी पाहणे

नवा किंवा दुरुस्त केलेला स्प्लिंट पहिल्याच रात्री आठ तास घालू नये. आधी अर्धा तास घालून काढावा आणि कातडी पाहावी, मग एक तास, मग दोन तास, आणि हे निभावले की रात्रभर. काढल्यावर दिसणारी लाली वीस ते तीस मिनिटांत गेली तर काळजी नाही. तशीच राहिली तर त्या जागी दाब पडतो आहे आणि तो स्प्लिंट थेरपिस्टकडून गरम करून त्या ठिकाणी फुगवून घ्यावा लागतो. मनगटाचे करंगळीकडचे हाड, कोपराचे टोक, घोटे, टाच आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंचित खाली असलेले हाडाचे टोक या जागा रोज पाहाव्यात. ग्राफ्ट केलेल्या कातडीला स्पर्श आणि वेदना कमी कळतात, त्यामुळे ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हे येथे लागू पडत नाही; डोळ्यांनीच पाहावे लागते. जिथे रुग्णाची नजर पोहोचत नाही तिथे घरच्यांनी पाहावे.

मऊ वाटावे म्हणून स्प्लिंटच्या आत कापसाचे बोळे किंवा घडी केलेला कपडा घालण्याचा मोह होतो. त्याने दाब कमी न होता वाढतो, कारण स्प्लिंटमधली जागा तेवढीच राहते. गादी लावायचीच असेल तर स्प्लिंट घडवतानाच तिच्यासाठी जागा सोडावी लागते.

शरीराचे इतर भाग

मानेचा पुढचा भाग भाजला असेल तर डोक्याखालची उशी पूर्ण काढावी आणि खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मान किंचित मागे जाऊ द्यावी. जखमेची परवानगी मिळाली की मानेला हनुवटीपासून छातीपर्यंत टेकणारी घडवलेली कॉलर लावतात. ती जेवताना काढायची असते, आणि लावल्यावर गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर लगेच काढून दाखवायची असते. कान भाजला असेल तर त्या बाजूलाही उशी चालत नाही. कानाच्या कूर्चेवर दाब पडून ती कुजू शकते.

काखेत किंवा बरगडीच्या बाजूला भाजल्यास हात शरीरापासून नव्वद अंश बाजूला आणि थोडासा पुढच्या अंगाला ठेवतात. अगदी सरळ रेषेत किंवा मागे ताणून ठेवला तर खांद्यातून जाणाऱ्या नसांवर ताण येतो, म्हणून बोटांना मुंग्या आल्या किंवा हात जड वाटला तर कोन लगेच कमी करावा. यासाठीचा स्प्लिंट कमरेपासून दंडापर्यंत विमानाच्या पंखासारखा दिसतो. तो घालून झोपणे कठीण जाते हे खरे आहे आणि रुग्ण तो टाळतात हेही खरे आहे. झोप अजिबात लागत नसेल तर थेरपिस्टला विचारून रात्री फोमची जाड पाचर काखेत बांधावी, बसताना हात टेबलावर किंवा खाटेच्या कठड्यावर पसरून ठेवावा, आणि दिवसा दोन्ही खांद्यांभोवती आठाच्या आकड्यात बँडेज बांधून काखेच्या घडीवर दाब द्यावा. काख आखडली की ब्लाउज घालणे, केस विंचरणे आणि फडताळावरचा डबा काढणे ही तिन्ही कामे एकदम जातात, आणि स्त्रिया ही अडचण महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाहीत.

कोपराची पुढची बाजू भाजली असेल तर कोपर जवळजवळ सरळ आणि तळहात वरच्या दिशेला, अशा पन्हळीसारख्या स्प्लिंटमध्ये ठेवतात. यात कोपरावरून जाणारी पट्टी सर्वांत महत्त्वाची असते. ती नसेल तर कोपर स्प्लिंटमधून उचलला जातो आणि हात आत वाकूनच राहतो. करंगळी व अनामिकेला मुंग्या आल्या तर कोपराच्या आतल्या बाजूच्या नसेवर दाब पडतो आहे. मोठ्या भाजण्यात कोपराभोवती कधी कधी हाड तयार होऊ लागते. कोपर दिवसेंदिवस अधिक दुखत आणि अडकत असेल तर जोर लावून ताणणे थांबवावे आणि एक्स-रे काढून घ्यावा.

जांघ भाजली असेल तर दिवसातून काही वेळ पालथे झोपणे हाच उत्तम उपाय आहे, आणि बाळांच्या बाबतीत हे डॉक्टरांना विचारून, समोर बसून करावे. गुडघ्याच्या मागे भाजले असेल तर गुडघा सरळ ठेवणारा स्प्लिंट लागतो. पुढच्या बाजूला भाजले असेल तर रात्रीच्या स्थितीइतकेच दिवसा वाकवण्याला महत्त्व असते, कारण आपल्याकडे मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून शौचाला जाणे, शेतात खुरपणी करणे हे सगळे पूर्ण वाकणाऱ्या गुडघ्यावर चालते. तुमचे काम काय आहे आणि घरात शौचालय कोणत्या प्रकारचे आहे, हे थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगावे.

पावलाचा स्प्लिंट घोट्याला काटकोनात धरतो. पाय भाजलेला नसला तरी अनेक आठवडे अंथरुणावर असलेल्या रुग्णाला तो लागतो, नाहीतर पांघरुणाच्या वजनाने आणि गुरुत्वाकर्षणाने पावले खाली पडतात व टाच जमिनीला टेकत नाही. टाच स्प्लिंटला टेकता कामा नये, ती अधांतरी राहिली पाहिजे. आणि पाय बाहेरच्या बाजूला कलून गुडघ्याखालच्या हाडावर टेकत असेल तर तिथून जाणारी नस दबून पाऊल लुळे पडू शकते.

तोंडाच्या कडा भाजल्यावर जबडा ठीक असूनही तोंड उघडत नाही, तेव्हा ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत बसणारे साधन वापरतात. हे दंतवैद्य आणि थेरपिस्ट मिळून बनवतात, आणि लहान मुलाला ते लावून एकटे सोडू नये.

सकाळी स्प्लिंट काढल्यावर

रात्रभर धरून ठेवलेला सांधा सकाळी ताठ वाटतो; ते स्वाभाविक आहे. तेल किंवा मलम लावून बोटाच्या पोटाने वणावर गोल गोल मालिश करावी आणि मग सांधा हळूहळू ओढीच्या उलट दिशेला न्यावा. वण पांढरट पडू लागला की ताण पुरेसा झाला असे समजावे, तिथे थांबून संथपणे तीस ते साठ सेकंद धरावे आणि मग सोडावे. झटके देऊन ताणल्याने कातडी फाटते आणि फाटलेली जागा अधिक आकसून भरते. त्यानंतरचा दिवस मात्र कामाचा असावा: भाजी निवडणे, कणीक मळणे, कपडे पिळणे, दोरीवर वाळत घालणे. व्यायामाच्या वहीतले दहा प्रकार कंटाळून सुटतात, घरची कामे सुटत नाहीत.

वण जाड होत असेल तर दाब देणारे तंग कपडे दिलेले असतात. ते दिवसातून तेवीस तास घालायचे असतात आणि आंघोळ व मालिशपुरतेच काढायचे असतात. क्रम असा असतो: वणावर सांगितली असेल तर सिलिकॉनची चकती, तिच्यावर तंग कपडा आणि त्याच्यावर स्प्लिंट. म्हणूनच स्प्लिंटचे माप घ्यायला जाताना तो कपडा घालूनच जावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सिलिकॉनखाली घाम साचून पुरळ येते. तेव्हा चकती दिवसातून दोनदा धुऊन वाळवावी आणि काही दिवस तास कमी करावेत, मात्र उन्हाळा संपेपर्यंत सगळेच बंद करू नये.

साहित्य आणि निगा

आज बहुतेक स्प्लिंट एका प्रकारच्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून बनतात, जो साधारण साठ ते ऐंशी अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मऊ होतो, हातावर हवा तसा घडवता येतो आणि काही मिनिटांत थंड होऊन ताठ होतो. या गुणाचाच दुसरा अर्थ असा की उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, दुचाकीच्या डिकीत, चुलीजवळ किंवा गरम पाण्यात तो वाकडा होतो. थोडासा वाकडा झालेला स्प्लिंट डोळ्यांना कळत नाही, पण कातडीला कळतो. धुण्यासाठी साधे किंवा किंचित कोमट पाणी आणि साबण पुरेसा आहे. रोज धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा, कारण ओलसर स्प्लिंटमध्ये जंतू वाढतात. पट्ट्यांच्या चिकटणाऱ्या बाजूला अडकलेले धागे व केस जुन्या टूथब्रशने काढावेत. घरी गॅसवर धरून तो ‘सरळ’ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

हा पत्रा महाग पडतो आणि प्रत्येक रुग्णालयात असतोच असे नाही. तो मिळत नसेल तर थांबून राहू नये. प्लास्टरची पाटी किंवा गादी लावलेली ॲल्युमिनियमची पट्टी योग्य कोनात बसवली तर सांधा राखला जातो. कोन चुकला तर महागडा पत्राही उपयोगाचा नाही. प्लास्टर ओले करू नये आणि त्याच्या कडा मऊ पट्टीने झाकून घ्याव्यात, एवढे पथ्य पाळावे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि येथे सून म्हणून आलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू केली, आणि मुंबईतच हाजी अली येथे 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, जिथे स्प्लिंट व आधार-साधने बनवली जातात. नवी मुंबईत ऐरोलीला केवळ भाजलेल्या रुग्णांसाठीचे नॅशनल बर्न्स सेंटर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही हा विभाग बहुधा असतो. वॉर्डात कोणी आपणहून सांगितले नाही तर ‘ऑक्युपेशनल थेरपीची चिठ्ठी द्या’ असे स्पष्ट शब्दांत मागावे.

मुले

मुलांचे वण मोठ्यांपेक्षा जोरकस असतात आणि मूल वाढत असते, वण मात्र त्याच्याबरोबर वाढत नाही. त्यामुळे एकदा बरा झालेला हात दोन-तीन वर्षांनी, अचानक उंची वाढण्याच्या काळात, पुन्हा आखडू शकतो. बोटांच्या मधल्या बेचक्यांत कातडी पडद्यासारखी पुढे सरकते, तेव्हा स्प्लिंटबरोबर बेचक्यांत मऊ पट्ट्या किंवा फोमचे तुकडे बसवतात. मूल गाढ झोपल्यावर स्प्लिंट लावावा, त्यावर लांब मोजा चढवून तो दंडाला सैलसर बांधावा म्हणजे दातांनी पट्ट्या सुटत नाहीत. दर काही महिन्यांनी स्प्लिंट मोठा करून घ्यावा लागतो. पट्टी पूर्वीपेक्षा कमी अंतरावर चिकटू लागली किंवा बोटांची टोके स्प्लिंटच्या कडेबाहेर आली की वेळ झाली असे समजावे. भावंडांनी ‘रोबोचा हात’ म्हणून त्यावर चित्रे चिकटवली तर मूल तो स्वतः मागून घेते. आई-वडिलांच्या दटावण्यापेक्षा हे जास्त काळ टिकते.

लगेच दाखवावे असे

बोटे निळी, थंड किंवा बधिर झाली. स्प्लिंट सैल करूनही मुंग्या थांबल्या नाहीत. नवा फोड आला किंवा बंद जखम उघडली. वास, पू किंवा ताप आला. किंवा एका आठवड्यात सांधा पूर्वीपेक्षा कमी उघडू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता स्प्लिंट काढून रुग्णालय गाठावे. शेवटची गोष्ट कळण्यासाठी दर रविवारी त्याच जागी, त्याच उजेडात, सांधा पूर्ण ताणून एक छायाचित्र काढावे. रोज पाहणाऱ्या डोळ्याला जे कळत नाही ते चार छायाचित्रे शेजारी ठेवली की कळते. ओढ वाढतच असेल तर थेरपिस्ट दर काही दिवसांनी थोडा थोडा कोन बदलत प्लास्टर घालतात किंवा स्प्रिंग अथवा रबराने सतत हलका ताण देणारा स्प्लिंट देतात. तेही पुरले नाही तर शस्त्रक्रियेने आखडलेला भाग सोडवावा लागतो, आणि त्यानंतरही अनेक महिने स्प्लिंट लागतोच. ऑपरेशन झाले म्हणून स्प्लिंट माळ्यावर टाकला आणि वर्षभरात हात पूर्ववत आखडला, अशी उदाहरणे मी इतकी पाहिली आहेत की हे वाक्य मी प्रत्येक कुटुंबाला दोनदा सांगतो.

स्प्लिंट बंद कधी करायचा, हा प्रश्न सगळेच विचारतात. वण फिका, मऊ आणि सपाट झाला, चिमटीत धरून उचलता येऊ लागला, आणि काही आठवडे सांध्याची हालचाल जराही घटली नाही, तर थेरपिस्टच्या संमतीने एका रात्री स्प्लिंट न लावता झोपून पाहावे. सकाळी सांधा आदल्या दिवसाइतकाच सहज उघडला तर पुढच्या आठवड्यात दोन रात्री, मग एक दिवसाआड, असे कमी करत जावे. सकाळी ओढ जाणवली तर पुन्हा रोज रात्री सुरू करून महिन्याभराने परत पाहावे. बंद झाल्यावरही स्प्लिंट किमान सहा महिने कपाटात जपून ठेवावा, आणि मुलांच्या बाबतीत वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून निदान एकदा तो सांधा थेरपिस्टला दाखवून घ्यावा.